शेवटचे दोन फटके नसलेली कॅसेट: राजारामपुरीतल्या एका व्हीएचएस दुकानाचा अनुभव

आधी कामाचं सांगते. घरात जुनी व्हीएचएस कॅसेट असेल, तिच्यावर बुरशी चढली असेल आणि तुम्ही कोल्हापुरात किंवा आसपास राहत असाल, तर राजारामपुरीतल्या या दुकानात ती निर्धास्त द्या. मी दिली. साफसफाईसकट एका कॅसेटचे ९०० रुपये झाले. बारा दिवस सांगितले होते, एकवीस लागले. मूळ कॅसेट परत मिळाली, सोबत पेनड्राइव्ह मिळाला, आणि जे जमलं नाही ते का जमलं नाही हेही एका कागदावर लिहून मिळालं.

दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. मालकांनीच तशी विनंती केली. ते एकटे आहेत, चालू स्थितीत दोनच मशीन उरलीत, आणि आठवड्याला तीन-चार कॅसेटींपेक्षा जास्त काम ते घेत नाहीत. राजारामपुरीत कुठल्याही जुन्या फोटो स्टुडिओत चौकशी केली तर पत्ता सांगतात. मलाही तसाच मिळाला.

आमची कॅसेट म्हणजे १९८६च्या वर्ल्ड कपमधली ब्राझील-फ्रान्स मॅच. क्वार्टर फायनल, २१ जून १९८६, मेक्सिकोतल्या ग्वादलाहारा शहरातलं हालिस्को स्टेडियम. तिथं भर दुपारी बाराचं ऊन, आणि आमच्या शुक्रवार पेठेत रात्रीचे साडेअकरा, बाहेर पाऊस. मी तेव्हा तेरा वर्षांची होते.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे फुटबॉल हा तालमींचा खेळ आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, या नावांवर शाहू स्टेडियम भरतं, आणि वर्ल्ड कप आला की पेठांवर ब्राझीलचे आणि अर्जेंटिनाचे झेंडे चढतात. आमचे आण्णा, म्हणजे वडील, उद्यमनगरात लेथवर काम करायचे आणि तरुणपणी तालमीच्या संघात गोलकीपर होते. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे. घर ब्राझीलचं. मामा मस्कतहून सुट्टीवर आला होता आणि येताना नॅशनल पॅनासोनिकचा व्हीसीआर घेऊन आला होता. आख्ख्या गल्लीत तो एकच.

त्या रात्री आमच्या सोप्यात तीसएक माणसं होती, खिडकीबाहेर छत्र्या धरून आणखी काही. आई म्हणाली, "मी झोपतो आता, आवाज तेवढा बारीक करा," आणि आत जाऊन रात्रभर जागीच राहिली. मला एक काम दिलं होतं. व्हीसीआरजवळ बसायचं आणि मामानं खूण केली की रेकॉर्ड आणि प्ले ही दोन बटणं एकदम दाबायची.

मी खुणेची वाट पाहिली नाही. मॅच सुरू होऊन जाईल आणि माझ्याकडून राहून जाईल, या धास्तीनं अकरा वाजून पाच मिनिटांनीच बटणं दाबली. कॅसेट १८० मिनिटांची होती. एरवी फुटबॉलला १८० मिनिटं पुरून उरतात. पण ती मॅच जादा वेळेत गेली, मग पेनल्टींवर गेली. दोन वाजून गेल्यावर, ब्राझील ३ फ्रान्स ३ असा आकडा असताना आणि दोनच फटके उरलेले असताना, व्हीसीआरमधून खट् असा आवाज आला. फीत संपली होती. मशीन आपोआप कॅसेट मागं गुंडाळायला लागलं. ब्राझीलचा ज्युलिओ सेझार चेंडूकडे चालत निघाला होता तेव्हा माझ्या मांडीला लागून ते मशीन घरघरत होतं. त्याचा फटका खांबावर आपटला. मग फ्रान्सच्या फर्नांडेझनं गोल केला, आणि आमच्या सोप्यातून एकेक माणूस न बोलता छत्री उघडून निघून गेला.

कुणी मला बोललं नाही. उलट दुसऱ्या दिवशी आण्णांनी स्क्रूड्रायव्हरनं कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची पट्टी मोडून टाकली, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही रेकॉर्ड होऊ नये. पण माझ्या मनात ते राहिलं ते राहिलंच. पंचवीस मिनिटं आधी बटण दाबलं नसतं तर मॅच पूर्ण असती.

२०२६चा वर्ल्ड कप अमेरिका आणि कॅनडाच्या जोडीनं पुन्हा मेक्सिकोत, हे कळल्यावर आण्णांनी माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. २०१९च्या महापुरात पंचगंगेचं पाणी आमच्या खालच्या मजल्यात छातीएवढं होतं. ट्रंक वर असल्यामुळे भिजली नव्हती, पण आठ-दहा दिवस बंद घरातली ओल तिनं शोषली. कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर गुंडाळलेल्या काळ्या फितीच्या कडेवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी.

इथे आधी एक वाईट अनुभव सांगते. दुसऱ्या एका शहरातल्या एका मोठ्या स्टुडिओकडे मी पहिल्यांदा कॅसेट पाठवली होती. त्यांनी ती न साफ करता मशीनमध्ये घातली असावी, कारण परत आली तेव्हा सुरुवातीच्या फितीला चुरगळा पडला होता. सोबत एका मिनिटाचा नमुना पाठवला होता, "सुधारून". त्यात निवेदिकेचा चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा गुळगुळीत झाला होता, आणि त्यानंतरच्या स्टेडियममधली माणसं विरघळून एकमेकांत मिसळली होती. मी कॅसेट परत मागवली. पैसे भरले ते गेले.

राजारामपुरीतलं दुकान पहिल्या मजल्यावर आहे. जिना अरुंद आणि उभा, कठड्याला एकाच बाजूनं हात. ऐंशी पार केलेल्या आण्णांना तो चढता आला नाही, ते खाली रिक्षात बसून राहिले. दुकान वापरणाऱ्यांत म्हातारी माणसंच जास्त असणार, तेव्हा खाली एखादी खुर्ची तरी हवी. मी तसं मालकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि लगेच स्वतः जिना उतरून रिक्षापाशी गेले. कॅसेट आण्णांच्या हातातूनच घेतली.

मालक पूर्वी लग्नाचं शूटिंग करायचे. त्यांनी खिडकी उजेडाकडे धरली, झडप उचलून फितीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ताई, ही आत्ता मशीनमध्ये घातली तर कॅसेट बी जाईल आन् माझं मशीन बी. आधी धुवायला पायजे."

धुणं म्हणजे काय ते मी दुसऱ्या खेपेला बसून पाहिलं. कॅसेटच्या पाठीचे पाच स्क्रू काढले. दोन्ही रिळं बाहेर घेतली. एका लाकडी पाटावर दोन खुंट्या बसवल्या आहेत, त्यांच्यावर रिळं चढवून फीत हातानं एका रिळावरून दुसऱ्यावर घ्यायची, आणि मध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाच्या घडीतून ती सरकवायची. १८० मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे २५८ मीटर फीत असते. रुंदी अर्धा इंच. कापड पांढरं होतं, ते आधी राखाडी झालं, मग पिवळट. घडी बदलायची आणि पुन्हा पुढे. ते तोंडाला मास्क लावून काम करतात, कारण ती बुरशी श्वासातून जाते. एक पदर झाला की उलट बाजूनं दुसरा. जुनं प्लास्टिकचं कवच त्यांनी बाजूला ठेवलं आणि रिळं दुसऱ्या चांगल्या कवचात बसवली. जुन्या कवचावर मामाच्या हातचं "ब्राझील ८६" होतं, म्हणून तेही धुऊन परत दिलं.

एवढी काळजी का, हेही त्यांनी सांगितलं. मशीनच्या आत जो गोल ड्रम फिरतो, तो आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत मिनिटाला १५०० फेरे घेतो, आणि त्याच्या कडेला केसापेक्षा कितीतरी बारीक फटीची, फीत वाचणारी हेड असतात. बुरशीचा एक कण तिथं अडकला की सगळं चित्र मुंग्यांनी भरतं, आणि तोच कण पुढच्या माणसाच्या कॅसेटला लागतो. नवीन मशीन मिळत नाही. जगात शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेल्या फुनाई या जपानी कंपनीनं २०१६मध्ये ते बनवणं थांबवलं. यांची दोन मशीन सुट्या भागांसाठी फोडलेल्या सहा मशीनच्या जिवावर चालतात. उशीर झाला तो त्यातल्याच एकाचा रबरी पट्टा सैल झाला म्हणून. फोन करून सांगितलं नाही, मलाच विचारावं लागलं, ही एक तक्रार.

मग त्यांनी चित्र लावलं. रेकॉर्डिंगची सुरुवातच अशी की मी तोंडावर हात ठेवला. "रुकावट के लिए खेद है." ती पाटी, खाली शांतता. बराच वेळ तीच. मग साडी नेसलेली निवेदिका, तिच्यामागे साधा पडदा, हातात कागद. मग अचानक आवाजाविना स्टेडियम. पुन्हा पाटी. मग आवाज आला, पण चित्र गेलं. माझी पंचवीस मिनिटं ही अशी.

मी म्हटलं, एवढं काढून टाकता येईल ना? त्यांनी मशीन थांबवलं. म्हणाले, "काढता येईल की. पण ताई, मॅच तुम्हाला कुठंबी मिळंल. हे कुठं मिळणार?"

त्या एका वाक्यासाठी मी या दुकानाला पूर्ण गुण देते. कारण खरंच, ही मॅच आज इंटरनेटवर सहज मिळते, आमच्या कॅसेटपेक्षा कितीतरी स्वच्छ. व्हीएचएसवर मुळात आडव्या दिशेला जेमतेम २४० रेषांएवढाच तपशील टिकतो. त्यात मेक्सिकोचं टीव्ही चित्र सेकंदाला साठ झटक्यांचं, आपलं पन्नासचं. ते वाटेत बदलून आपल्यापर्यंत यायचं, त्यामुळे लांब पास गेला की चेंडू थोडा अडखळत पुढे जातो. हे दोष काढायचे की ठेवायचे, हे त्यांनी मला विचारलं. फक्त फितीच्या हलण्यामुळे चित्राच्या कडा थरथरत होत्या, त्या टाइम बेस करेक्टर नावाच्या खोक्यातून सरळ करून घेतल्या. रंग, मुंग्या, अडखळणं, काहीही हलवलं नाही. पेनड्राइव्हवर दोन फाइली: एक मूळ, जवळपास ३९ जीबीची, आणि एक लहान, टीव्हीवर किंवा मोबाइलवर लावायला.

घरी लावताना एक काळजी घ्या. नवे टीव्ही रुंद असतात आणि जुनं चित्र ताणून दाखवतात. पहिल्यांदा लावलं तेव्हा सगळे खेळाडू बुटके आणि जाडे दिसले. सेटिंगमध्ये जाऊन ४:३ करा. हे दुकानाच्या कागदावर लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

आता मॅच. आण्णांची मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली आहेत, पडद्यापासून चार फुटांवर खुर्ची घेऊन बसले. मी शेजारी. मामा आता सांगलीत असतो, तोही आला.

सतराव्या मिनिटाचा कारेकाचा गोल या कॅसेटवर धूसर दिसतो, तरी अंगावर येतो. उजव्या बाजूला म्युलर आणि जुनियर यांनी दोन छोट्या पासांत आख्खी फ्रेंच फळी उघडी पाडली, आणि मोकळा झालेल्या कारेकानं पूर्ण ताकदीनं वर हाणला. फ्रान्सचा गोलकीपर जोएल बाट्सला हात उचलायलाही वेळ नाही. गल्लीतल्या आरड्याओरड्याचा आवाज कॅसेटवर नाही, कारण व्हीसीआर खोलीतला आवाज घेत नाही. पण मला तो ऐकू आला. मामा बसल्या जागी सरळ झाला.

एक्केचाळिसाव्या मिनिटाच्या आसपास फ्रान्सनं बरोबरी केली. रोशतोनं उजवीकडून क्रॉस टाकला, स्तोपिरानं झेप घेतली, ब्राझीलचा गोलकीपर कार्लोस त्याच्यासाठी पुढे आला, चेंडू दोघांनाही चुकवून लांबच्या खांबापाशी गेला. तिथं प्लाटिनी एकटा. त्याचा तो एकतिसावा वाढदिवस. त्या स्पर्धेत ब्राझीलला बसलेला हा पहिलाच गोल, त्याआधीच्या चार सामन्यांत कार्लोसला कुणी हरवलं नव्हतं. आण्णांनी तिथं फाइल थांबवायला लावली. "चूक कार्लोसची नाही. पुढं माणूस झेपावला की गोलकीपरला जावंच लागतं." चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी हे म्हटलं होतं की नाही ते आठवत नाही. आता ते हातानं दाखवत होते, वाकड्या करंगळीसकट.

दुसऱ्या अर्ध्याबद्दल लिहायचं तर सगळं झिकोबद्दलच लिहावं लागेल. त्याच्या गुडघ्याला आदल्या वर्षी ब्राझीलमधल्या एका सामन्यात वाईट मार बसला होता. प्रशिक्षक तेले सांतानांनी त्याला बाहेरच बसवलं होतं, आणि म्युलरच्या जागी सत्तर मिनिटं उलटून गेल्यावर आत पाठवलं. आल्या आल्या त्यानं ब्रँकोला असा पास दिला की तो थेट बाट्ससमोर, आणि बाट्सनं त्याला पाडलं. पेनल्टी. चेंडू ठेवला झिकोनं. कॅसेटवर इथं चित्र एका क्षणापुरतं वर-खाली होतं, फितीला चुरगळा नसूनही. त्याचं कारण मालकांनी कागदावर लिहिलंय: "हा भाग घरी पुष्कळ वेळा थांबवून पाहिलेला दिसतो. फीत झिजली आहे."

खरं आहे. मामाची सुट्टी संपेपर्यंत आण्णांनी रोज रात्री कामावरून आल्यावर तो फटका पाहिला होता. झिको धावत येतो, मारतो, बाट्सनं अंदाज बरोबर बांधलेला असतो. त्यांचं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आताही हेच. "आत्ता आलाय त्यो आत. पाय गार असत्यात. सॉक्रेटिस होता, कारेका होता. पोलंडवर दोघांनी पेनल्ट्या मारल्या की." पोलंडविरुद्ध ब्राझील ४-० जिंकलं त्यात पहिला आणि शेवटचा गोल खरोखर पेनल्टीवरचे, एक सॉक्रेटिसचा, एक कारेकाचा. मामाचं म्हणणं वेगळं. झिको उभा असताना दुसऱ्यानं चेंडू उचलायचा कसा? मला मामाचं पटतं. त्या जर्सीत तो माणूस उभा असताना बाकीच्यांचे हात चेंडूकडे जाणारच नाहीत.

जादा वेळेतला एक प्रसंग मी पार विसरले होते, तो या कॅसेटमुळे परत मिळाला. शेवटची काही मिनिटं. फ्रान्सचा बदली खेळाडू बेलोन एकटा सुटतो, कार्लोस पेनल्टी चौकटीबाहेर येऊन त्याला धडकतो, बेलोन पडत नाही पण चेंडू निसटतो. रुमानियाचे पंच इयोआन इग्ना शिट्टी वाजवत नाहीत. लगेच ब्राझीलचा उलटा हल्ला, आणि गोलच्या तोंडाशी सॉक्रेटिसकडून चेंडू हुकतो. एका मिनिटात दोन्ही बाजूंनी मॅच संपली असती. आमच्या सोप्यात तेव्हा काय झालं असेल याचा मी पुष्कळ विचार केला, पण मला फक्त छत्र्यांवरचं पाणी आठवतं.

वर्ल्ड कपमध्ये त्याआधी एकदाच पेनल्टींवर निकाल लागला होता, १९८२ला स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये, आणि तिथं हरलेला संघ हाच. प्लाटिनी, जिरेस, तिगाना, अमोरोस, बोसिस, सगळे त्या पराभवातून आलेले. हे मला नंतर कळलं. आता पाहताना त्यांचे चेहरे वेगळे दिसतात.

सॉक्रेटिस पहिला. डोक्याला पट्टी, जवळजवळ जागेवरून एका पावलात मारायची त्याची सवय. बाट्सनं अडवला. स्तोपिराचा गोल, अलेमावचा गोल, अमोरोसचा गोल. झिको पुन्हा आला आणि या खेपेला त्यानं गोल केला. आण्णा काही बोलले नाहीत.

मग बेलोन. चेंडू खांबावर आदळून परत आला, झेप घेऊन पडलेल्या कार्लोसच्या अंगावर आपटला आणि आत गेला. पंचांनी गोल दिला. ब्राझीलचा कप्तान एडिन्यो पंचांकडे धावला. त्या रात्री आमच्या घरात याच क्षणी भांडण पेटलं होतं. मामा उभा राहून ओरडत होता की चेंडू खांबाला लागून बाहेर आला म्हणजे फटका संपला, कार्लोसच्या पाठीचा काय संबंध. आणि आण्णा, ब्राझीलचे आण्णा, म्हणत होते, "गोल हाय. चेंडू थांबला नव्हता." तालमीतले लोक त्यांच्यावर चिडले. आपलाच माणूस फ्रान्सची बाजू घेतो म्हणजे काय! गोलकीपरला माहीत असतं, एवढंच ते म्हणाले. पुढे नियमात ते स्पष्ट झालं. आज खांब, आडवी दांडी, गोलकीपर यांना कितीही वेळा लागून चेंडू आत गेला, तरी तो गोलच. परवा पाहताना मामानं कार्लोसच्या पाठीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "दाजी, तुमचं बरोबर होतं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ब्रँकोचा गोल. ३-३. मग प्लाटिनी चेंडू ठेवतो, ठेवून पुन्हा नीट करतो, धावतो आणि दांडीवरून मारतो. तो मान खाली घालून मागे वळतो, आणि पडदा निळा होतो.

दुकानात काम संपत आलं तेव्हा मालकांनी मला विचारलं होतं की पुढचे दोन फटके इंटरनेटवरून घेऊन शेवटी जोडून देऊ का, वेगळे पैसे नकोत. मी म्हटलं, आण्णांना विचारते. खरं तर मी मनातून हो म्हणून मोकळी झाले होते. इतक्या वर्षांनी माझ्या हातून राहिलेलं पुरं होणार होतं. जिना उतरून रिक्षापाशी गेले आणि विचारलं. आण्णा म्हणाले, "नगं. तू जेवढं घेतलंस तेवढंच ठेव."

वर येऊन मी तसं सांगितलं. मालकांनी मान हलवली आणि फाइलला हात लावला नाही. मशीनमध्ये फीत शेवटाला पोचली होती. खट् झालं आणि घरघर सुरू झाली, तीच. मी कॅसेट पूर्ण मागं गुंडाळून होईपर्यंत तिथं उभी राहिले.

आता उरलेल्या तक्रारी. पावती मागितल्यावर दिली, आपणहून नाही. पहिल्या वीस मिनिटांत आवाजाखाली गुणगुण आहे, ती काढता आली नाही असं कागदावर लिहिलंय, पण दुसऱ्या मशीनवर एकदा लावून बघायला हवं होतं असं मला वाटतं. फोन दुपारी एक ते चार उचलत नाहीत. पेनड्राइव्ह स्वतःचा नेला तर शंभर रुपये कमी घेतात, हे आधी सांगितलं तर बरं. कॅसेट नेताना प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून नेऊ नका, ओल आत कोंडते. कापडात गुंडाळून, पुस्तकासारखी उभी धरून न्या. आणि काहीही झालं तरी घरच्या जुन्या व्हीसीआरमध्ये "फक्त चालतेय का बघू" म्हणून घालू नका.

आमच्या ट्रंकेत आणखी एक कॅसेट निघाली आहे. त्या रात्री सगळे गेल्यावर मामानं नवी कॅसेट घालून ठेवली होती, कारण साडेतीनला मॉन्तेरेहून पश्चिम जर्मनी-मेक्सिको मॅच होती. तीही पेनल्टींवर गेली. आमच्यापैकी कुणी ती पाहिली नाही, ना त्या रात्री ना नंतर. मामाला बटण दाबल्याचंसुद्धा आठवत नाही. कॅसेटच्या पाठीवर नाव नाही, कडेची पट्टी शाबूत आहे, बुरशी पहिलीपेक्षा कमी आहे. मंगळवारी मालकांचा वार मोकळा आहे. आण्णा रिक्षातून येणार म्हणतायत, मी खालच्या दुकानदाराकडे त्यांच्यासाठी खुर्ची सांगून ठेवली आहे.